समुद्रासमोरच्या टॉवरमध्ये राहायला जाताय? मग आगोटीपासून सुरुवात करा

घर बघायला फेब्रुवारीत जाऊ नका. ब्रोकर नेमका तेव्हाच बोलावतो, तोही संध्याकाळी सव्वासहाला. आभाळ स्वच्छ, वारा मंद, समोर केशरी गोळा पाण्यात उतरतोय आणि कोणीतरी हातात कॉफी आणून देतंय. अशा वेळी कोणीही सही करील. तेच घर जुलैत बघा, अमावास्येच्या आसपास, भरतीच्या वेळी, बाहेर झड लागलेली असताना. समुद्र चहाच्या रंगाचा झालेला असतो. उंच मजल्यावर वारा पावसाला भिंतीवरून वर ढकलतो, त्यामुळे काचेवरचं पाणी खालून वर सरकताना दिसतं. ते बघूनही घर आवडलं, तर पुढचं वाचा.

मी गुहागरकडचा. वरळीच्या किनाऱ्यावरच्या एका पन्नासेक मजली इमारतीची देखभाल मी अकरा वर्षं बघितली. आमच्याकडे मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, सुरू होते. लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी, डाळी, कुळीथ भरून ठेवायचे, कौलं शाकारायची आणि पश्चिमेच्या पडवीला नारळाच्या झावळांची झापं बांधायची. टॉवरची काच म्हणजे तेच झाप. फरक इतकाच, की झाप दरवर्षी नवं विणतात आणि काचेभोवतीचा सिलिकॉन जन्मभर टिकणार असं लोक धरून चालतात. माझ्या अकरा वर्षांतल्या निम्म्याअधिक तक्रारी या एका समजातून आल्या.

बघायला गेल्यावर काय बघायचं

सजवलेल्या नमुना फ्लॅटमध्ये वेळ घालवू नका. त्याच बिल्डरची समुद्राकाठची सात-आठ वर्षं जुनी इमारत शोधा आणि तिच्या तळघरात उतरा. छताला तपकिरी ओघळ, भिंतीला लोणा, पाइपांच्या क्लॅम्पवर गंजाचे पापुद्रे दिसले, तर नव्या इमारतीचं भविष्य तेच. मग वर बघा. एसीची बाहेरची युनिट्स ज्या कट्ट्यावर आहेत तिथला लोखंडी सांगाडा कसा आहे? कठड्याच्या जोडांवर चहाच्या डागासारखे ठिपके आहेत का?

खारी हवा काँक्रीटमध्ये हळूहळू शिरते. त्यातले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंजल्यावर फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. म्हणून भारतीय मानक ४५६ मध्ये किनाऱ्यालगतच्या बांधकामासाठी सळईवरचं काँक्रीटचं आवरण किमान ४५ मिलिमीटर आणि समुद्राचे तुषार थेट लागतात तिथं ५० मिलिमीटर सांगितलं आहे. घरातल्या सुरक्षित, कोरड्या भागाला २० पुरतं. इमारत कुठल्या वर्गात धरून डिझाइन केली, हा प्रश्न बिल्डरच्या विक्री विभागाला विचारून उपयोग नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी उत्तर मागा.

आत गेल्यावर सरकतं दार दोन बोटं उघडा आणि ऐका. बारीक शिट्टी वाजत असेल तर पावसाळ्यात ती रात्रभर वाजणार. दाराखालच्या रुळात पाणी बाहेर जायची भोकं आहेत का, ते वाकून बघा. बाल्कनीची फरशी आणि खोलीची फरशी एका पातळीत असेल तर फोटो छान येतात, पण मी त्यावर फुली मारतो. चार बोटांचा उंबरा असू द्या. उंबरा आपल्या लोकांनी उगाच नाही शोधला.

पश्चिमेचं ऊन हा दुसरा मुद्दा. सूर्य डिसेंबरात नैर्ऋत्येकडे आणि जूनमध्ये वायव्येकडे मावळतो, त्यामुळे "वेस्ट फेसिंग" एवढं कळून भागत नाही. ऑक्टोबरात दुपारी तीनला जाऊन काचेला हात लावून बघा. काच उष्णता अडवणारी नसेल तर तुमचं विजेचं बिल समुद्रदर्शनाचं भाडं ठरेल.

आणि तळमजल्यावर एक साधा प्रश्न: सबस्टेशन, जनरेटर आणि पाण्याचे पंप कुठं आहेत? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्र घेत नाही, ते मागं फिरतं. तिन्ही यंत्रणा दुसऱ्या तळघरात असतील तर तुमच्या चाळिसाव्या मजल्यावर पाणी शिरणार नाही, हे खरं. पण लिफ्ट, दिवे आणि नळ तिन्ही बंद पडतील, आणि चाळीस मजले चढून बघा एकदा.

कागद

समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागतात. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची आणि सध्याची जानेवारी २०१९ ची. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा यात येतो. मुंबईसारखा आधीच बांधलेला शहरी भाग दुसऱ्या वर्गात मोडतो. तिथं साधारणपणे सध्याच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येतं. ग्रामीण किनाऱ्यावर नियम कडक आहेत: दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर ना-विकास क्षेत्र. म्हणून मांडवा-अलिबागपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत कोणी "अगदी वाळूवर टॉवर" विकत असेल तर आधी मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशा, त्यावर तुमचा सर्व्हे नंबर आणि किनारा प्राधिकरणाची परवानगी मागा. वकील स्वतःचा ठेवा, बिल्डरनं सुचवलेला नको.

देखाव्याची हमी कुठल्याच कागदात नसते. वरळीत ज्यांनी खिडकीखाली लाटा बघून घर घेतलं, त्यांच्यातल्या अनेकांच्या आणि लाटांच्या मध्ये आज भराव आणि किनारी रस्ता आहे. त्या रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. आता वर्सोव्याच्या बाजूला सागरी सेतूचं काम चालू आहे. विकास आराखडा बघा आणि समोरचा रिकामा प्लॉट कोणाचा, तेही.

महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर नकाशे, ताब्याची तारीख आणि खटले वाचा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. किनाऱ्यावर याचा अर्थ पाच पावसाळे. प्रत्येक पावसाळ्यातली गळती तारखेसह फोटो काढून लेखी कळवा. तोंडी सांगितलेली गळती सुकते.

आता "कॉन्डोमिनियम" हा शब्द. जाहिरातीत तो रुबाबासाठी येतो, पण आपल्याकडे त्याला कायद्याचा अर्थ आहे. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली तुम्ही फ्लॅटचे मालक होता आणि जमीन व सामाईक जागेत तुमचा अविभाज्य हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांनी लिहिलेला असतो. सामाईक खर्च त्या टक्क्यांनी वाटला जातो. सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर जमीन-इमारत सोसायटीची, तुम्ही सभासद, प्रत्येकाला एक मत आणि सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. पेंटहाउस घेणाऱ्याला सोसायटी स्वस्त पडते, लहान फ्लॅटवाल्याला कॉन्डोमिनियम. सही करण्याआधी विचारा. नंतर हे भांडण दर सर्वसाधारण सभेत ऐकावं लागतं, मी ऐकलंय.

ताबा घेताना

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा नको, हे सगळेच सांगतात. मी दोन गोष्टी वाढवतो. पहिली, पाण्याची परीक्षा. पश्चिमेच्या प्रत्येक काचेवर बाहेरून जोराचा फवारा मारायला लावा, निदान दहा मिनिटं, आणि आतून टिश्यू पेपर घेऊन कोपरे तपासा. बाल्कनी आणि न्हाणीघरांची जाळी बंद करून पाणी दोन दिवस तुंबवून ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत बघा. बिल्डरचा माणूस घड्याळ बघेल. बघू द्या.

दुसरी, नळाचा दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो. गच्चीच्या टाकीतून थेट नळ सोडला तर दीडशे मीटर खालच्या फ्लॅटला पंधरा बार मिळतील आणि गीझर फुटेल. म्हणून मधल्या मजल्यांवर टाक्या किंवा दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात. तुमचा मजला कुठल्या टप्प्यात येतो आणि व्हॉल्व्ह कुठं आहे, हे प्लंबरसोबत फिरून बघून ठेवा.

आतली सजावट

इथं लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात आणि इमारतीचं नुकसानही इथंच होतं. अनेक उंच इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी दोऱ्या असतात. झुंबर टांगायला कोणी न तपासता भोक पाडलं आणि दोरी कापली गेली, तर ती चूक तुमच्या घरापुरती राहत नाही. स्लॅब स्कॅन केल्याशिवाय ड्रिल मशीन आत येऊ देऊ नका. बाहेरच्या भिंतीला एसीच्या पाइपसाठी नवं भोक तर अजिबात नको. त्यातून मीठ सरळ सळईच्या शेजारी जाऊन बसतं.

कठडे, बिजागऱ्या, कड्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. बाजारात सर्रास ३०४ मिळतं आणि दिसायला दोन्ही सारखीच. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, पण चुंबकानं या दोघांतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम तपासायचं थेंबाचं किट मिळतं, ते आणा. आमच्या इमारतीत एका कुटुंबानं परदेशातून कठड्याचे खांब मागवले होते. दुसऱ्या पावसाळ्यातच ते चट्टेरी झाले. किट आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

बाल्कनीची काच नुसती टफन्ड असेल तर फुटल्यावर तिचे दाणे होऊन खाली सांडतात. खाली रस्ता असतो, माणसं असतात. मधे पडदा असलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी जागेवर धरून राहते. उंच मजल्यावर दोन्ही गुण एकत्र हवेत.

एसीच्या बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर गंजरोधक लेप मागा आणि ते युनिट साध्या पाण्यानं धुता येईल अशा जागी बसवा. फॉल्स सीलिंग करताना स्प्रिंकलरचं तोंड झाकू देऊ नका. डिझायनरला ते कुरूप वाटतं. वाटू दे.

कपाटांची पाठ बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, बोटभर हवा जाऊ द्या. जुलैत बाहेरची आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. आत ६० च्या वर राहिली की चामडं, पुस्तकं, तबल्याची पुडी, सगळ्यावर बुरशी येते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि मोठ्या घराला दोन डिह्युमिडिफायर लावा. पैठणी सुती कापडात ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. जरीची तार काळी पडली की पूर्वीसारखी होत नाही. माझ्या बायकोनं या बाबतीत कितीतरी रहिवासी बायकांना फोनवरून सल्ला दिलाय, मला न विचारता.

आगोट

कोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो. म्हणजे तुमचं काम १५ मेच्या आत संपलं पाहिजे, कारण त्यानंतर दोरावरून काम करणारी माणसं मिळत नाहीत आणि वारा सुटला की झुला खाली घ्यावा लागतो.

बाहेरच्या सिलिकॉनवर नख दाबून बघा. कडक झाला असेल, कडेनं सुटला असेल, तर तेवढाच तुकडा डागडुजी करू नका, खिडकीचा पूर्ण जोड काढून नवा भरा. जुन्यावर नवा भरणं म्हणजे फाटक्या छत्रीला चिकटपट्टी. रुळ व्हॅक्यूमनं साफ करा आणि पाण्याची भोकं काडीनं मोकळी करा. बाल्कनीची जाळी उचलून खालचा पाइप बघा. एका वर्षी अडतिसाव्या मजल्यावरचं एक कुटुंब जूनभर बाहेरगावी होतं. कबुतरांची पिसं आणि कुंडीतली माती जाळीत अडकली, बाल्कनीचा हौद झाला आणि पाणी आतल्या लाकडी फरशीवर आलं. आम्हाला कळलं ते खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. त्या मालवणच्या. छतातून थेंब पडताना बघून त्यांनी मला फोन केला, "अरे बाळा, वरच्यांनी पन्हळ काढली नाय वाटतं?"

सोसायटीचीही आगोट असते. तळघरातले पंप खऱ्या पाण्यानं चालवून बघा, नुसता आवाज ऐकून नाही. जनरेटर पूर्ण भारावर तासभर चालवा. गच्चीवरचा वीजरोधक आणि अर्थिंग तपासून घ्या, खाऱ्या हवेत जोड आतून खातात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आलंय का, ते दार उघडून बघायला सांगा.

झड आणि वादळ

साध्या पावसात फार काही करायचं नसतं. पश्चिमेची दारं बंद ठेवा आणि समोरासमोरची दोन दारं एकदम उघडू नका. उंचीवरचा वारा दार असं आपटतो की बोटं जातात. लहान मुलं असतील तर दारांना मंद बंद होणारे क्लोजर लावाच. जोराच्या वाऱ्यात झुंबर हललं, कमोडमधलं पाणी डुचमळलं, तर घाबरू नका. उंच इमारत थोडी डोलते, तशीच बांधलेली असते. पण भिंतीत नवी तिरकी भेग दिसली तर कळवा.

वादळाचं वेगळं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गेलं. हवामान खात्यानं लाल इशारा दिला की बाल्कनीतली प्रत्येक सुटी वस्तू आत घ्या: कुंड्या, खुर्च्या, पायपुसणी, तुळससुद्धा. पन्नासाव्या मजल्यावरून उडालेली कुंडी म्हणजे तोफेचा गोळा. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काही होत नाही, आणि "दाब समान करायला एक खिडकी उघडी ठेवा" हे ऐकू नका. पिण्याचं पाणी भरा, औषधं जवळ ठेवा, गुडघे दुखणारी मंडळी घरात असतील तर वादळाआधीच खाली नातेवाइकांकडे पाठवा. रात्री झोपायला आतली, काच नसलेली खोली.

पाऊस ओसरला की, साधारण नारळी पौर्णिमेनंतर, काचा, कठडे, एसीचं युनिट साध्या पाण्यानं धुऊन मीठ काढा. ऑक्टोबरात हे दर आठवड्याला करा. तेव्हा मीठ धुवायला पाऊस नसतो.

आग

मुंबईच्या अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरपर्यंत पोचते, म्हणजे तिसाव्या मजल्याच्या आसपास. त्यावर राहणाऱ्याला इमारतीतलीच यंत्रणा वाचवते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेनं दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं बी नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. कमिटीकडे ते मागा. जिन्याचं दार वीट लावून उघडं ठेवलेलं दिसलं तर वीट काढा, रोज काढावी लागली तरी. निर्वासन मजल्यावर, म्हणजे आगीच्या वेळी जमायला मोकळ्या ठेवलेल्या मजल्यावर, टेबल टेनिस नको.

पैसा

समजा फ्लॅट ३,००० चौरस फुटांचा आणि मेंटेनन्स चौरस फुटाला १८ रुपये. महिन्याला ५४,००० झाले. दरमहा वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली की अशा मोठ्या सोसायटीत १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ६३,७२०. गाडी पार्किंग, क्लब, मालमत्ता कर वेगळे. हे परवडतं का, ते पगार थांबल्यानंतरच्या दिवसांसाठी मोजा.

त्याहून महत्त्वाचा आकडा निधीचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, किमान ०.२५ टक्के सांगितलाय. किनाऱ्यावर किमान पुरत नाही. काचेच्या बाहेरच्या आवरणाचे जोड, लिफ्टचे दोर, पंप, सगळं आतल्या भागातल्या इमारतीपेक्षा लवकर मागं लागतं. उपविधी स्ट्रक्चरल ऑडिट १५ वर्षांनंतर सांगतात. मी म्हणतो, समुद्रासमोर दहाव्या वर्षी क्लोराइड आणि सळईच्या गंजाची चाचणी करून घ्या. आम्ही नवव्या वर्षी केली तेव्हा सभेत लोक म्हणाले, "इमारत नवी आहे, कशाला उगाच?" चार खांबांची डागडुजी वेळेत झाली.

विम्यात भारत गृह रक्षा ही सगळ्या कंपन्यांची ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यात वादळ, पूर, भूकंप येतात. घरातलं सामान आपोआप धरलं जातं ते इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, तेही १० लाखांपर्यंतच. एवढ्यात तुमचं स्वयंपाकघरही बसणार नाही. यादी देऊन रक्कम वाढवा, चित्रं आणि दागिने वेगळे.

घर बंद ठेवणार असाल तर

अशा टॉवरमध्ये निम्मे दिवे संध्याकाळी लागतच नाहीत. मालक दुबईत, लंडनमध्ये, नाहीतर अलिबागच्या बंगल्यात. घर भाड्यानं दिलं तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. बंद घराला मात्र चार महिने कोणीतरी हवा दाखवायला लागतं. मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. फ्रिज रिकामा करून दार फटीएवढं उघडं ठेवा. डिह्युमिडिफायरची नळी थेट न्हाणीत सोडा, नाहीतर टाकी भरून यंत्र दुसऱ्या दिवशी थांबतं. न वापरलेल्या न्हाणीच्या जाळीत पंधरा दिवसांनी पाणी ओता, खालच्या पाइपच्या वाकणातलं पाणी, म्हणजे सापळा, सुकला की वास आणि झुरळं दोन्ही वर येतात.

किल्ली एकट्या सिक्युरिटीकडे ठेवू नका, ती माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात. एक बंद पाकीट सोसायटीच्या ऑफिसात सही घेऊन आणि एक खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे. खालच्याच. वरच्या शेजाऱ्याला तुमच्या गळतीचं काही वाटत नाही.